आडवं वाचा: भजनी मंडळाला चार आवाजांत गायला लावताना

माझं मूळ काम पेट्या दुरुस्त करायचं. वडिलांच्या मागे वेंगुर्ल्यातलं त्यांचं दुकान मी चालवते. जुलै लागला की गणपती जवळ आल्याच्या धास्तीने आसपासच्या वाड्यांतल्या पेट्या दुकानात येऊन पडतात. कुणाच्या पट्ट्या पावसाने फुगून अडकलेल्या, कुणाचा भाता गळतोय, कुणाचे स्क्रू खाऱ्या वाऱ्याने असे गंजलेले की फिरवायला गेलं की डोकंच हातात येतं. या कामात दिवसभर दोन-दोन सूर एकत्र दाबून ऐकावे लागतात. हार्मनीकडे, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळ्या आवाजांनी वेगवेगळे सूर गाण्याकडे, मी आले ती या वाटेने, म्हणून इथे लिहितेय तेही सरगमातच. ज्याला पेटी येते आणि ज्याच्या हाताशी आठ-दहा गाणारी माणसं आहेत, त्याला एवढं पुरेल.

आधी मी काय घोळ घातला ते सांगते. आमच्या देवळाच्या वर्धापनदिनाला मंडळाच्या अकरा जणांनी प्रार्थना म्हणायची ठरली. चाल वडिलांनी बांधलेली, साधी. मला वाटलं, नुसती एका सुरात कशाला, जरा भरदार करू. बायकांना चाल दिली आणि पुरुषांना तीच चाल खालच्या पंचमाच्या अंतराने. बायका 'प' वर असल्या की पुरुष 'सा' वर, त्या 'ध' वर गेल्या की हे 'रे' वर. पहिल्या दोन ओळी ऐकून सगळे खूश. आपल्या कानावर तंबोऱ्याचे संस्कार आहेत, सा-प एकत्र वाजले की आपल्याला देवघरात आल्यासारखंच वाटतं. पण चौथ्या ओळीपर्यंत सगळं सपाट झालं. पुरुषांतले एक काका तालमीनंतर म्हणाले, "बाय, तू माका येगळा गावक सांगितलंस खरा, पण माझ्यात आणि तेंच्यात फरक काय ऱ्हवलो?"

प्रश्न बरोबर होता आणि उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते मिळालं गोव्याच्या हद्दीजवळच्या एका चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरांकडे. त्यांच्या ऑर्गनचा भाता मी शिवून दिला होता. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना सूर वाचायला आणि चार आवाजांत गायला शिकवत. मुंबईच्या सिनेमासंगीतात हार्मनी नेणारे सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही माणसं त्याच मातीतली. मास्तरांनी माझा कागद बघितला. मी कॉर्डांचे मनोरे रचले होते, एकावर एक सूर. ते म्हणाले, "उभा कित्याक वाचतंस? आडवा वाच." म्हणजे प्रत्येक माणसाची ओळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकटीच गाऊन बघ. ती एकटी गाता आली नाही तर तुझी कॉर्ड कितीही बरोबर असो, गाणं चुकलंय. यापुढचं सगळं त्या एका वाक्याचा विस्तार आहे.

नकाशा एकच धरा. पेटीच्या मधोमधचा सफेद एक म्हणजे मध्य सा, बायकांचाही आणि पुरुषांचाही. हे आधी ठरवलं नाही तर तालमीत भांडणं होतात, कारण पुरुष ज्याला आपला मध्य सा म्हणतात तो या नकाशात मंद्र सा असतो. आवाजांच्या चार रांगा करा. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास ही वरच्या आवाजापासून खालच्यापर्यंतची पाश्चात्य नावं आमच्याकडे टिकली नाहीत. आम्ही पहिल्या, दुसऱ्या, तिसरे आणि चौथे म्हणतो. न शिकलेल्या गळ्यांना साधारण इतकं झेपतं: पहिल्यांना मध्य सा पासून तार ग, दुसऱ्यांना मंद्र प पासून तार सा, तिसऱ्यांना मंद्र सा पासून मध्य म, चौथ्यांना अतिमंद्र प पासून मध्य सा. कडेचे सूर चुकून-माकून वापरा. माणूस कडेला गेला की त्याचं सगळं लक्ष गळ्याकडे जातं आणि शेजाऱ्याला ऐकणं बंद होतं.

कॉर्ड म्हणजे एक सूर सोडून एक घेतलेले तीन सूर. सगळे सूर शुद्ध धरले तर सा-ग-प, म-ध-सा आणि प-नी-रे या तीन कॉर्डांत सातही सूर येऊन जातात, त्यामुळे साध्या चालीचं बहुतेक काम यांच्यावरच भागतं. ध-सा-ग आणि रे-म-ध या जरा उदास, चव बदलायला. सूर तीन आणि माणसं चार, तेव्हा एक सूर दोघांना द्यावा लागतो. तो शक्यतो कॉर्डचा पहिला, म्हणजे मूळ सूर असू द्या.

आता कागद घ्या. समजा ओळीची चाल ग, म, रे, ग अशी जाते आणि तिच्याखाली कॉर्ड लागतात सा ची, म ची, प ची आणि परत सा ची. चार ओळी अशा लिहायच्या:

पहिल्या: मध्य ग, म, रे, ग
दुसऱ्या: मध्य सा, सा, मंद्र नी, मध्य सा
तिसरे: मंद्र प, ध, प, प
चौथे: मंद्र सा, म, प, सा

ही पेटीवर वाजवू नका लगेच. आधी दुसऱ्यांची ओळ एकटी गा: सा सा नी सा. झोपेतही गाता येईल. तिसऱ्यांची: प ध प प. तीही तशीच. उड्या फक्त चौथ्यांना आहेत, आणि त्यांना त्या शोभतात, कारण पायाचा सूर त्यांच्याकडे असतो. मधल्या दोघांचा नियम अगदी आळशी माणसाचा: पुढच्या कॉर्डमध्ये आपला आत्ताचा सूर असेल तर जागचं हलायचं नाही, नसेल तर जवळात जवळचा सूर घ्यायचा. सा च्या कॉर्डवरून म च्या कॉर्डवर जाताना सा दोन्हीकडे आहे, म्हणून दुसऱ्या बसून राहिल्या. प वरून सा वर येताना प दोन्हीकडे आहे, म्हणून तिसरे बसून राहिले. मी ज्या मनोऱ्यांचा कागद घेऊन गेले होते त्यात याच जागी चारही जण चार-चार सूर उड्या मारत होते.

खरी परीक्षा मधल्या जागी आहे, म वरून प वर जाताना. या दोन कॉर्डांत एकही सूर सारखा नाही, सगळ्यांना हलावंच लागतं, आणि शेजारच्या कॉर्ड असल्यामुळे सगळ्यांनी एक-एक पायरी वर सरकायचा मोह होतो. तसं केलं की माझी वर्धापनदिनाची चूक परत होते. वरच्या चार ओळींत काय केलंय बघा: चौथे म वरून प वर चढले, आणि त्याच क्षणी बाकीचे तिघे उतरले. पहिल्या म वरून रे वर, दुसऱ्या सा वरून नी वर, तिसरे ध वरून प वर. आमच्याकडे रापण ओढताना किनाऱ्यावर दोन रांगा असतात, जाळ्याच्या दोन टोकांना. जाळं जवळ येईल तशा त्या एकमेकींकडे सरकतात. दोन्ही रांगा एकाच दिशेला चालू लागल्या तर ओढ भरपूर लागेल, मासळी हाताला लागणार नाही. खालचा आवाज आणि वरचा आवाज असे समोरासमोर चालवले की बाकीचे निम्मे नियम आपोआप पाळले जातात.

सा-प ची जोडी जशीच्या तशी पुढे सरकवायची नाही, हा हार्मनीचा प्रसिद्ध नियम. याचं कारण मला माझ्या दुरुस्तीच्या बाकावर कळलं. सा आणि प यांच्या कंपनांचं प्रमाण दोनास तीन. दोन सप्तकांतले सा घेतले तर एकास दोन. इतकं सोपं प्रमाण असलं की दोन सूर एकमेकांत मिसळून जातात. पेटी लावताना हीच जोडी जुळवणं सगळ्यांत सोपं, कारण सूर नीट जुळले नसताना ऐकू येणारी लाट थांबली की दोन सुरांचा एकच सूर झाल्यासारखा ऐकू येतो. एका ठिकाणी असं मिसळणं गोड लागतं. पण तेच दोन आवाज तसेच चिकटलेले पुढच्या सुरावर गेले की कान त्यांना दोन माणसं म्हणून मोजायचं सोडून देतो. चार आवाजांची मेहनत, ऐकू येतात तीन. काकांचा प्रश्न हाच होता. हे काही पाप नाही. नवव्या शतकाच्या सुमाराला युरोपातल्या चर्चमध्ये असंच पंचमाच्या अंतराने बरोबरीने गात, आणि त्यांना ते भारदस्त वाटे. पुढे प्रत्येक आवाज वेगळा ऐकू यायला हवा असं वाटू लागलं, तेव्हा ही जोडी टाळायला लागले. तुम्हाला एखादी ओळ मुद्दाम देवळातल्या शंखासारखी हवी असेल तर जरूर घ्या, फक्त घेतोय हे माहीत असू द्या.

तपासायची रीत: ओळींच्या जोड्या करा. चार ओळींच्या सहा जोड्या होतात. प्रत्येक जोडीत कुठे सा-प सारखं किंवा सा-सा सारखं अंतर आहे तिथे पेन्सिलीने खूण करा. लागोपाठ दोन जागी त्याच जोडीत तीच खूण आली आणि दोघेही हललेले असले तर एकाची ओळ बदला. दोघेही जागचे हलले नसतील तर काही बिघडलेलं नाही. कंटाळवाणं काम आहे. मी ते दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना करते.

नी बद्दल वेगळं सांगायला हवं. शुद्ध नी वर थांबून बघा, गळाच सांगतो पुढे कुठे जायचं. प-नी-रे च्या कॉर्डमध्ये नी ज्याच्याकडे असेल त्याला पुढे सा वर जाऊ द्या, निदान ओळीच्या शेवटी तरी. आणि हा सूर कधीही दोघांना देऊ नका. मी एकदा दिला होता, दुसऱ्यांनाही आणि तिसऱ्यांनाही. दोघांनाही सा वरच जायची ओढ, दोघेही गेले, आणि ऐन समेवर दोन सा एकाखाली एक चिकटून आले. बाकी गाणं चांगलं चाललं असताना तेवढ्या जागी कुणीतरी उठून गेल्यासारखं वाटलं.

याचा जोडीदार म्हणजे म. वरच्या उदाहरणात तिसऱ्या जागी पहिल्यांना रे देण्याऐवजी म वरच थांबवून बघा. त्यांची ओळ होईल ग, म, म, ग. आता प च्या कॉर्डमध्ये प, नी आणि म आले, रे गेला. त्याची आठवण कुणालाही येत नाही. पण म आणि शुद्ध नी एकत्र आले की हवा बदलते, काहीतरी अडकून राहिल्यासारखं होतं. मग म खाली ग वर येतो, नी वर सा वर जातो, परत रापणीच्या दोन रांगा. हा म खालीच उतरायला हवा. तो वर प कडे पळवला तर ऐकणाऱ्याला कळत नाही काय हुकलं, पण हुकलंय हे कळतं.

हीच जोडी एकाच माणसाच्या ओळीत चढत्या उडीने मात्र घालू नका. आमच्या चौथ्यांत एक आबा आहेत, जन्म मासेमारीत गेलेला, आवाज विहिरीतून आल्यासारखा. त्यांना मी म वरून वरच्या नी वर उडी दिली होती. दर वेळी ते कोमल नी लावायचे. मी तीनदा थांबवलं, तेव्हा म्हणाले, "माका मधीच खंय सोडलंस?" चूक त्यांची नव्हतीच. म पासून चढताना गळ्याला सापडतो तो कोमल नी, कारण ते अंतर सा-म सारखं शुद्ध. शुद्ध नी त्याच्या अर्धा सूर पलीकडे, धरायला काही नाही. त्यांना म वरून खालच्या नी वर उतरवलं आणि तिथून सा वर चढवलं. हेही अंतर अवघडच, पण खाली उतरल्यावर सा ची पायरी लगेच हाताशी आली आणि सूर बसला. म्हणजे चौथ्यांना कायम कॉर्डचा मूळ सूरच द्यायला हवा असं नाही. मधला सूर दिला, जसा प च्या कॉर्डखाली नी, तर त्यांची ओळही चालीसारखी होते. अर्थात मग वरच्या तिघांपैकी कुणाकडेही नी नको.

आणखी दोन-तीन गोष्टी भराभर. वरच्या तीन आवाजांत शेजाऱ्या-शेजाऱ्यांमध्ये एका सप्तकापेक्षा जास्त अंतर ठेवू नका, मध्ये भोक पडतं; तिसरे आणि चौथे यांच्यात पडलं तर चालतं. खाली मात्र दाटी नको. मंद्राच्या तळाला सा-ग एकत्र वाजवून बघा, गढूळ येतं. एकाची ओळ दुसऱ्याच्या ओळीला ओलांडून वर-खाली गेली तर दोघेही बावरतात. आणि चौथ्यांना सा च्या कॉर्डखाली प देऊन तिथेच ओळ संपवू नका, पाय टेकत नाहीत. लगेच पुढे प ची कॉर्ड येणार असेल तर ती जागा फार सुंदर.

कोणत्या चालीला हे लावू नये, तेही सांगते, कारण हौस अंगात आली की माणूस कशालाही कॉर्ड चिकटवतो. भूप घ्या. त्यात म आणि नी नाहीत. तुम्ही सवयीने म-ध-सा ची कॉर्ड वाजवलीत की चालीत नसलेला म तुम्ही बाहेरून आणून बसवलात, आणि गाणाऱ्याचा भूप तिथल्या तिथे मोडला. भुपाच्या पाच सुरांत पूर्ण बसणाऱ्या कॉर्ड दोनच: सा-ग-प आणि ध-सा-ग. प ची हवी असली तर नी गाळून नुसते प-रे ठेवा. दोन-अडीच कॉर्डांत चार ओळी काढणं कंटाळवाणं वाटेल, पण आवाज नीट चालवले तर पुरतात. ज्या अभंगात बुवा मींडेने सूर फिरवतात, आंदोलन घेतात, तिथे मी हार्मनी अजिबात लावत नाही. फिरत्या सुराखाली उभे सूर ठेवले की दोघांचंही नुकसान. शाळेची प्रार्थना, पायरी-पायरीने चालणारी आरती, समूहगीत, इथे लावावी.

शेवटी माझ्या धंद्याविरुद्ध एक सल्ला: सूर पाठ झाले की पेटी बंद करा. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात, म्हणून तिचा ग नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. नैसर्गिक ग सा पासून ३८६ सेंटांवर, पेटीचा ४०० वर. पंचमात फरक जेमतेम दोनाचा, तो कुणाला कळतही नाही. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं, त्या वादात हा बारा भागांचा मुद्दाही होताच. पेटीतली पितळी जीभ, म्हणजे रीड, टोकाकडे घासली की सूर चढतो, बुडाकडे घासली की उतरतो, एवढ्या भांडवलावर माझं पोट चालतं. ग उतरवून देणं मला पाच मिनिटांचं काम. पण एका कॉर्डसाठी उतरवला की दुसरीकडे बोंब. ज्यांच्याकडे डॉ. विद्याधर ओकांची बावीस श्रुतींची पेटी असेल त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. बाकीच्यांनी तंबोरा लावावा, मोबाइलवरचा चालेल, आणि सा-ग-प नुसत्या गळ्यांनी धरून बघावा. ज्यांच्याकडे ग आहे त्यांनी तो किंचित उतरवून, सैल लावायचा. जागा सापडली की हवेत जी घरघर चालू असते ती थांबते. आमच्या दुसऱ्यांतल्या एक काकी तेव्हा गाता-गाता हसायला लागल्या आणि सगळं मोडलं, पण सापडली होती जागा.

तालमीचा क्रम माझा असा: आधी पहिल्या आणि चौथे, फक्त दोन ओळी. त्या दोघांचं नीट जुळलं की गाणं उभं राहिलं समजा. मग तिसरे येतात, सगळ्यांत शेवटी दुसऱ्या, कारण त्यांच्या ओळीत काहीच घडत नसतं आणि नुसतं सा सा नी सा म्हणत बसणं एकटीने कंटाळवाणं. इतर तीन ओळी कानावर असल्या की त्यांना आपली गरज कळते. प्रत्येकाला फक्त त्याच्या ओळीची चिठ्ठी द्या, चारही ओळींचा कागद तुमच्याजवळच ठेवा. आबांची चिठ्ठी मी मोठ्या अक्षरांत लिहिते. चष्मा ते होडीवरच विसरून येतात.